शंभर मैल पळणारा आणि धुऱ्यावर बसून राहिलेला



जिल्हा बैठकीपुढे तरुण कार्यकर्त्यांची एक सूचना आली आहे. शेवटची वेचणी आटोपली, ज्वारी खळ्यातून घरात आली, की पोरांनी तालुक्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत दौड काढावी, वाटेत गावोगाव थांबावे आणि नैराश्य नावाच्या आजाराबद्दल लोकांशी बोलावे, अशी ती सूचना. तिच्यावर दोन प्रकारची मते कानावर आली. काही म्हणतात, हे शहरातल्या खाऊनपिऊन सुस्तावलेल्यांचे चोचले. ज्याचे पाय दिवसभर वखरामागे तुटतात त्याने आणखी पळायचे कशाला? आपले दुखणे भावाचे आहे, डोक्याचे नाही. दुसरे काही सूचना ऐकताच खूश झाले. पेपरात फोटो येईल, कलेक्टर झेंडी दाखवतील, टोप्या-बनियन कोणी तरी देईल.

आमचे मत असे की हसणारेही चुकले आणि हुरळून गेलेलेही चुकले. का ते जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात वेस्टर्न स्टेट्स नावाची एक शर्यत आहे. १०० मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने १६१ किलोमीटर, डोंगरातून. अठरा हजार फूट चढ आणि तेवीस हजार फूट उतार. सुरुवातीला उंचावर बर्फ, पुढे दऱ्यांत आपल्या मे महिन्यासारखी लाही, रात्री अंधारात नदी ओलांडायची. तीस तासांच्या आत जो ऑबर्न गावी पोचेल तो पोचला, चोवीस तासांच्या आत पोचला तर चांदीचे बक्कल. ही शर्यत मुळात माणसांची नव्हतीच. ती घोड्यांची. १९५५ सालापासून त्या वाटेवर घोडेस्वारांची एक दिवसाची स्पर्धा होत असे. आपल्या शंकरपटात बैलाची जोडी पाहतात तसे तिथे घोड्याचे बळ पाहायचे. गॉर्डी एन्सली नावाच्या गड्याचा घोडा १९७३ साली लंगडा झाला. पुढच्या वर्षी, १९७४ ला, हा घोड्यांच्या बरोबरीने पायी पळत सुटला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोचला. तिथून माणसांची शर्यत सुरू झाली. (जनावर थकले म्हणून जू आपल्या खांद्यावर घेतलेली माणसे आपल्याकडेही दुष्काळात दिसतात, त्यांना कोणी बक्कल दिलेले नाही.)

ही शर्यत २००४, २००६ आणि २००७ अशी तीनदा जिंकणारी बाई निकी किंबल. धंद्याने फिजिओथेरपिस्ट, म्हणजे लोकांचे आखडलेले हातपाय मोकळे करून देणारी. २०१२ साली तिने व्हरमाँट प्रांतातली सुमारे ४४० किलोमीटरची डोंगरवाट पाच दिवस आणि सात तासांहून थोड्या अधिक वेळात तुडवली. दुसरा रॉब क्रार. औषधाच्या दुकानात काम करणारा फार्मासिस्ट. २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन वर्षे तो तीच शंभर मैलांची शर्यत पंधरा तासांच्या आत जिंकला. ही दोन्ही माणसे नैराश्याची रोगी आहेत, आणि त्यांनी ते चारचौघांत सांगितले. लपवून ठेवले नाही. २०१४ साली क्रारवर एक छोटी फिल्म निघाली, तिचे नावच ‘डिप्रेशन्स’. जगातल्या सगळ्यात चिवट पायांचा मालक त्यात सांगतो की आतून एक खड्डा आपल्याला ओढत असतो, आणि शर्यत जिंकली म्हणून तो बुजत नाही.

आता हसणाऱ्यांना आमचा सवाल. गावात एखादा माणूस सकाळी उठून वावरात जातो आणि धुऱ्यावर बसून राहतो. तण पऱ्हाटीच्या वर जाते, त्याला दिसते पण उठवत नाही. जेवण जात नाही, रात्री झोप येत नाही, पहाटे तीनला डोळे उघडतात. कोणी बोलले तर ‘हो’ म्हणतो, पुढे काही नाही. अशा माणसाला आपण काय म्हणतो? कामचुकार. बायकोच्या ओंजळीने पाणी पिणारा. मनाचा कच्चा. ‘बाप बघ कसा होता, दोन दुष्काळ अंगावर काढले.’ मग सांगा, निकी किंबल कामचुकार? शंभर मैल पळणारा क्रार मनाचा कच्चा? ज्यांच्या दमाची बरोबरी घोडे करतात त्यांना हा आजार गाठतो, तर आपल्या धुऱ्यावर बसलेल्या माणसाला त्याच्या आळशीपणाने गाठले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? या शर्यतींचा आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा उपयोग हाच. मेहनतीचा आणि हिमतीचा या आजाराशी तसा सरळ संबंध नाही, हे त्यांनी पायांनी सिद्ध करून दाखवले. भाषणांनी ते झाले नसते.

‘आम्ही रोज मेहनत करतो, आम्हाला कसला व्यायाम?’ हेही नेहमीचे बोलणे. व्यायामाने नैराश्य हलके होते ही थाप नाही. २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला. चौदा हजारांवर माणसे त्यांत होती. चालणे, हलके पळणे, योगासने, वजन उचलणे यांनी खरोखर फरक पडतो असे निघाले. पण त्या चाचण्यांतला माणूस आपल्या मर्जीने, ठरल्या वेळी, पोटभर जेवून चालत होता. डोक्यावर सोसायटीची नोटीस आणि आभाळाकडे डोळे लावून डवऱ्यामागे चालणारा माणूस त्या हिशेबात बसत नाही. पाय तेच, वाट तीच, पण एकाचे चालणे त्याचे स्वतःचे असते आणि दुसऱ्याचे सावकाराचे. शिवाय चालण्याने गोळी आणि डॉक्टर रद्द होत नाहीत, तेही हवेतच.

आता हुरळणाऱ्यांकडे वळू.

२०१७ च्या एप्रिलात लंडन शहरात मॅरेथॉन झाली. ४२ किलोमीटर, पळणारे चाळीस हजारांच्या घरात. त्या वर्षीची शर्यत मनाच्या आरोग्याला वाहिलेली होती. राजघराण्यातले दोन भाऊ आणि मोठ्याची राणीसरकार यांनी चालवलेली मोहीम, पळणाऱ्यांच्या कपाळाला निळ्या पट्ट्या, आणि राजपुत्र स्वतः रस्त्याच्या कडेला उभे राहून पाण्याच्या बाटल्या देत होते. धाकट्याने, हॅरीने, शर्यतीच्या आदल्या आठवड्यात एका बाईला मुलाखत दिली. आई गेल्यावर वीस वर्षे आपण ते दुःख दाबून ठेवले आणि शेवटी उपचाराला गेलो, असे त्याने सांगितले. ती बाई ब्रायनी गॉर्डन. पत्रकार, स्वतः या आजारांतून गेलेली, अंगाने भरलेली, पळण्याची सवय नसलेली. तिनेही ती शर्यत पुरी केली. पहिली येण्यासाठी नव्हे, शेवटपर्यंत जाण्यासाठी.

राजाच्या पोराने पाणी वाजले याचे आम्हाला काही कौतुक नाही. पण एक मान्य केले पाहिजे. राजवाड्यात जन्मलेला माणूस ‘मला मदत लागली’ असे बोलू शकला, तर शिपायाचा, हमालाचा पोरगाही बोलू लागतो. बोलणे सुरू होते. ते झाले.

पण बोलून पुढे काय? इंग्लंडात त्या बोलण्याला पुढे एक दार आहे. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत २००८ पासून अशी सोय केलेली आहे की मोठ्या वयाचा कोणीही, डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी, स्वतः नाव नोंदवून मनाच्या उपचाराला जाऊ शकतो, फुकट. रांग लागते, थांबावे लागते, तिथलेही लोक कुरकुरतात. पण दार आहे. तिथे दौड काढून लोकांना जागे केले तर जागा झालेला माणूस त्या दाराशी जातो.

आमच्या जागा झालेल्या माणसाने कुठे जायचे? पाऊस पडला की नाला भरतो, एसटी बंद होते. जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर अमुक वारी बसतो म्हणून सांगतात. त्या वारी गेले तर साहेब ट्रेनिंगला. भेटले तर गोळी पंधरा दिवसांची, सोळाव्या दिवशी पुन्हा दीडशे रुपये भाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडीत. देशात लाख माणसांमागे मनाचा डॉक्टर पाऊण आहे; हा ०.७५ चा आकडा २०२३ साली संसदेच्या समितीपुढेच आला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर सुरू आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निघाले की असे नेहमीचे मनाचे आजार असणाऱ्या शंभरांतल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाही. म्हणजे जागृती कमी आणि दारे बंद, दोन्ही. दार न उघडता नुसती जागृती करणे म्हणजे बाजार समिती बंद असताना दवंडी पिटून कापसाच्या गाड्या बोलावण्यासारखे आहे.

आणि शासनाला जागृती फार आवडते, कारण ती स्वस्त पडते. २०२५ च्या ऑगस्टात, वेचणीच्या तोंडावर, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबर अखेरपर्यंत आणि मग डिसेंबर अखेरपर्यंत माफ झाले. बाहेरचा कापूस बंदरात उतरला तो नेमका आमचा घरात यायच्या वेळी. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. खरेदी केंद्रावर ओलाव्याचे कारण सांगून परत पाठवलेला माणूस खेडा खरेदीवाल्याला काय भावाने घालतो ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. एका हाताने भाव पाडायचा आणि दुसऱ्या हाताने समुपदेशनाचे पत्रक द्यायचे, याला आम्ही उपचार म्हणत नाही. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी जीव दिला, त्यांतली ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातली. शेतमजूर यात धरलेले आहेत. आणि जिचे नाव सातबाऱ्यावर नाही अशी मायबहीण वावरात जन्म काढूनही ‘गृहिणी’च्या रकान्यात जाते. तिची मोजदाद कोणी आमच्यात करत नाही. हा सगळा आकडा मनाच्या कमजोरीचा म्हणून खपवू देणार नाही. दौड निघाली तर हे वाक्य पहिल्या फलकावर पाहिजे.

पण म्हणून ‘भाव मिळाला की सगळे आजार आपोआप जातील’ असेही कोणी सांगू नये. आपल्यातले काही चांगले कार्यकर्ते असे बोलतात आणि ते ऐकायला बरे वाटते. गुलाबी बोंडअळी कशामुळे आली याचा वाद घालता येतो, घालावाच. बियाणे कंपनीला जाब विचारावा. पण अळी बोंडाच्या आत शिरली की ती आत आहे. वरून बोंड हिरवेगार दिसते, फोडल्याशिवाय कळत नाही. कर्ज हे कारण असते. त्या कारणातून आलेला आजार मात्र कर्ज फिटल्यावर कर्जाबरोबर निघून जाईलच असे नाही, कारण त्याला एव्हाना स्वतःचे पाय फुटलेले असतात. कर्जमाफीच्या यादीत नाव आले आणि माणूस तरी उठला नाही, अशी घरे तुमच्याही गावात असतील. शिवाय हा आजार कर्ज नसलेल्या घरात येतो, बाळंतिणीला येतो, शिकायला गेलेल्या पोराला येतो. त्याला आपल्या मागण्यांच्या यादीशी जुळवून घ्यायची गरज वाटत नाही. भावाची लढाई भावासाठी लढू. आजारी माणसाला तोपर्यंत थांबवून ठेवायचा अधिकार कोणालाच नाही.

आणि उपाय काही चंद्रावरचा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या नावाचे काम झाले, ज्याचा अहवाल २०१७ साली लॅन्सेट सायकिअॅट्री या मासिकात आला. तिथे मोठे इस्पितळ बांधले नाही. गावातलीच माणसे शिकवून तयार केली, ती घरोघर गेली, बसली, बोलली, आणि ज्यांना जास्त होते त्यांना डॉक्टरपर्यंत नेले. आधी नैराश्य असणाऱ्या शंभरांतले जेमतेम चार उपचारापर्यंत पोचत होते, दीड वर्षाने सत्तावीस पोचू लागले. जीव नकोसा वाटतो म्हणणारे शंभरात पाच होते, ते अडीचवर आले. तोच मुलूख, तीच पऱ्हाटी, तोच भाव.  हे काम जिल्ह्याजिल्ह्यात का नेले नाही, असे शासनाला विचारायचे की नाही?

कायदाही आपल्या बाजूला आहे, फक्त तो कपाटात आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की सरकारी खर्चाने चालणारा मनाचा उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. जिल्ह्यात ती सोय नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने भरावा असे त्यात लिहिले आहे. आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या पाहिजेत. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो अतिशय तणावात होता असेच धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्या जुन्या गुन्ह्याचे सरसकट कलमच गेले. तरी अजून गावात पोलीस केस होईल म्हणून घरचे लोक दवाखान्यात खोटे सांगतात, ‘चुकून झाले’ म्हणतात, आणि माणूस उपचार न घेता घरी येतो. या भीतीवर कोणी दौड काढली तर आम्ही पहिल्या रांगेत.

तेव्हा दौड काढावी. पण तिची तऱ्हा आम्ही सांगतो तशी असावी.

वेस्टर्न स्टेट्समध्ये पळणारे पावणेचारशेच्या आसपास असतात आणि वाटेत पाणी, मीठ, अन्न घेऊन उभे राहणारे, पाय बांधून देणारे हजाराच्या वर. ६२ मैल झाले की पळणाऱ्याला एक सोबती घेता येतो. तो सोबती त्याला ओढत नाही, उचलत नाही, त्याचे ओझेही घेत नाही. रात्रभर बरोबर पळतो, बोलतो, आता पाणी पी म्हणतो. जगातल्या तगड्यातल्या तगड्या माणसालाही रात्रीच्या त्या शेवटच्या टप्प्यात सोबती लागतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आमच्या दौडीत पळणाऱ्या दहा पोरांपेक्षा अशा सोबत्यांची मोजदाद व्हावी. दर गावातून दोन, त्यांत एक बाई असलीच पाहिजे, कारण घरातली बाई पुरुष पारावर जे बोलत नाही ते पहिल्यांदा पाहते, आणि तिचे स्वतःचे दुखणे कोणी पाहत नाही.

या सोबत्यांनी करायचे काम साधे आहे. जो माणूस बोलेनासा झाला, वावरात जाईनासा झाला, देणेघेणे आवरायला लागला, चीजवस्तू वाटू लागला, त्याच्याजवळ जाऊन बसावे. ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणू नये. घ्यायचे की नाही हे त्याच्या हातात असते तर त्याने कधीच सोडले असते. सरळ विचारावे: दादा, जीव नकोसा वाटतो का? विचारल्याने ते डोक्यात भरते हा गैरसमज आहे. विचारल्याने बांध फुटतो आणि माणूस बोलतो. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घरातून हलवावी, कुलपात ठेवावी, किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर एसटीत बसून दवाखान्यात जावे, कारण एकटा तो स्टँडवरूनच परत येतो. रात्रीबेरात्री काही वाटले तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. शासनाच्या समुपदेशनावर आम्ही वर टीका केली म्हणून कोणी हा क्रमांक टाळू नये. भाव पाडणाऱ्याशी भांडण वेगळे आणि फोन उचलणाऱ्या पोरीशी वेगळे. तिच्याशी आपले काही भांडण नाही.

आणि दौडीचा शेवट स्टेडियमवर नको, व्यासपीठ नको, झेंडी नको. ती जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांच्या खोलीपुढे संपावी. तिथे पळून आलेल्यांनी जमिनीवर बसावे आणि अधिकाऱ्यांना तीन कागद मागावे: या वर्षी या खोलीत डॉक्टर किती दिवस बसले, गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या, आणि तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून कोणत्या वारी कोण येणार. उत्तर लेखी घ्यावे. उत्तर मिळेपर्यंत उठू नये. शंभर मैल पळायची तयारी असणाऱ्यांना एक रात्र बसायला काय जड आहे?

तारीख बैठकीत ठरेल. त्याआधी प्रत्येक तालुक्याने आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन मनाच्या आजाराचा डॉक्टर कोणत्या वारी येतो याची पाटी लावलेली आहे की नाही ते पाहून यावे. पाटी असेल तर त्या वारी पुन्हा जावे आणि खुर्चीत माणूस होता का ते लिहून आणावे.